वेल्डिंग सोडून तपासणीच्या कामात यावे का?

प्रश्न : भद्रावती तालुक्यातून मी ठेकेदारामार्फत चंद्रपूरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या नळ्यांचे वेल्डिंग करायला जातो. वय ४५ झाले, कंबर साथ देत नाही, म्हणून अल्ट्रासॉनिक तपासणी (ध्वनिलहरींनी जोडातले आतले दोष शोधणे) शिकावी, असे वाटते; पण मुलीचे शिक्षण अजून बाकी आहे.

उत्तर : दादा, अवश्य शिका. जोड कुठे कच्चा राहतो, हे तुमच्या हाताला ठाऊक आहे आणि ते नवख्या मुलांना वर्गात मिळत नाही. मात्र लेव्हल १ वर, म्हणजे तपासनीसाच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीवर, थांबू नका, कारण जोड स्वीकारायचा की नाकारायचा, हे लेव्हल २ चा माणूस ठरवतो.

दुसरे उत्तर : आधी जवळची नजर तपासून घ्या, ती चाचणी दरवर्षी होते. एसएनटी-टीसी-१ए या तपासनीसांना पात्र ठरवण्याच्या पद्धतीत प्रमाणपत्र नोकरी देणारी कंपनी देते आणि नोकरी सुटली की ते संपते, त्यामुळे नुसत्या क्लासच्या कागदासाठी शेतीवर कर्ज काढू नका.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पुढच्या शटडाऊनपर्यंत (दुरुस्तीसाठी संच बंद होईपर्यंत) वेल्डिंग सोडत नाही.