ड्रॅगन क्वेस्टचा नायक खेकड्यासारखा का चालतो?

प्रश्न: १९८६ चा मूळ जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम परवा लावला. नायक डावीकडे चालला तरी तोंड आपल्याकडेच! कुणाशी बोलायचं तर आधी दिशा निवडा. असं का केलं असेल?

उत्तर: जागाच नव्हती हो, प्रत्येक दिशेचं वेगळं चित्र ठेवायला. अख्खा खेळ ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये (गेमच्या कॅसेटमध्ये) बसवलाय! कातकाना या जपानी लिपीतली तर वीसेकच अक्षरं ठेवली. खेळाचे रचनाकार युजी होरींनी राक्षसांची नावं तेवढ्यातूनच जुळवली, 'स्लाइम'सुद्धा. हे कळलं तेव्हा मला भरून आलं होतं.

दुसरं उत्तर: सेव्हची सोयही नव्हती. खेळातला राजा वीस अक्षरांचा मंत्र (म्हणजे पासवर्ड) सांगतो, तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी टाकून तिथूनच खेळ सुरू करायचा. मी एकदा एक अक्षर चुकीचं लिहिलं, आठवड्याची मेहनत गेली. अक्षरं नीट जुळवून बघा.

प्रश्नकर्ता: आभार! वही घेतलीच.