चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी : प्रतिकारशक्ती वाढवावी की आवरावी?

प्रश्न
माझ्या आईला पाच महिन्यांपूर्वी चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला. मात्र अजूनही सकाळी तासभर तिची बोटे आखडलेली असतात आणि कणीक मळणे तिने सोडूनच दिले आहे. संधिवातासाठीची आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आहे. शेजारी प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे सुचवतात, तर डॉक्टरांच्या मते प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटली आहे. यातले खरे काय मानावे?

उत्तर १
डॉक्टरांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, पण प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त करता येणारी एकच गोष्ट नव्हे. तापाच्या दिवसांत पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन हे प्रथिन विषाणूची वाढ रोखते आणि आठवडाभरात तयार होणारी प्रतिपिंडे त्याला रक्तातून हटवतात. त्याच वेळी सांध्याच्या अस्तरातील बाधित पेशींच्या रासायनिक हाकेला ओ देऊन रक्तातील मोनोसाइट पेशी तिथे गोळा होतात, त्यांच्या भक्षक पेशी बनतात आणि त्यांनी सोडलेल्या आयएल-६ सारख्या द्रव्यांमुळे सूज टिकून राहते. उंदरांवरील प्रयोग बोलके आहेत : सीडी-४ पेशी (इतर प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या उंदरांच्या पायांची सूज पुष्कळ कमी राहिली, तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी नसलेल्यांच्या रक्तात विषाणू दीर्घकाळ राहिला. नुसती ‘शक्ती वाढवणे’ म्हणजे यातले नेमके काय वाढवणे, हे काढा देणाऱ्याला विचारून पाहावे.

उत्तर २
थोडी भर घालतो. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील २००५-०६ च्या साथीतील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे आरएनए (जनुकीय द्रव्य) सापडले होते. पुढे कोलंबियातील जुन्या रुग्णांच्या सांध्यातील द्रवात मात्र विषाणू आढळला नाही. माझ्या मते यात विरोध नाही, कारण जिवंत विषाणू संपल्यावरही त्याचे अवशेष अस्तरात उरून पेशींना डिवचत राहू शकतात.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. नावामुळे आईने चिकन खाणेही बंद केले आहे! सूज आवरणारी औषधे पहिल्याच आठवड्यात दिली असती, तर हे टळले असते का?

उत्तर १
चिकन खुशाल खाऊ द्या; हे नाव टांझानियातील माकोंदे भाषेतले असून त्याचा अर्थ ‘वाकवणारा’ असा आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात असतो, त्यामुळे तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणे धोक्याचे ठरू शकते आणि डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनसारखी औषधेही टाळतात. आता मात्र संधिवाततज्ज्ञांना दाखवून अँटी-सीसीपी ही संधिवाताची रक्ततपासणी करून घ्यावी आणि मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध द्यायचे की नाही, ते त्यांनाच ठरवू द्यावे.