मदत हवी आहे: प्लग-इन हायब्रिडच्या टाकीत पडून राहणाऱ्या पेट्रोलचं काय करायचं?

मंडळी, प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन, दोन्ही असलेली गाडी) घ्यायचा विचार चालू आहे. रोजचं येणं-जाणं बॅटरीवरच भागेल, म्हणजे इंजिन महिना महिना चालूच होणार नाही. घोडं अडलंय ते इथेच.

पेट्रोल जुनं झालं की त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर बसतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ओलही ओढून घेतं. साध्या गाडीत टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि चालू इंजिन ती ओढून जाळतं. इंजिनच बंद, तर कॅनिस्टर रिकामा कधी होणार? म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत टाकी हवाबंद, दाब सोसणारी असते. पेट्रोल भरण्याआधी बटण दाबून दाब उतरायची वाट बघायची. शेवरले व्होल्ट तर पेट्रोल फार जुनं झालं की स्वतःहून इंजिन चालवून ते संपवायची. ही युक्ती मला जाम आवडली.

दुसरी शंका डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची. त्यात पेट्रोल हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो. टोयोटाने काही इंजिनांत पोर्ट (व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारे) आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्टर दिलेत. हायब्रिड घेताना मुद्दाम तसंच इंजिन शोधावं का?

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी सांगा: टाकी अर्धीच ठेवता का? इंजिन किती दिवसांनी चालवता, आणि किती वेळ? (दोन मिनिटं चालवून थंडच बंद करणं त्याहून वाईट, असं माझं मत.) कोणी इंजेक्टर उघडून पाहिले असतील तर फोटो टाका ना.