गाभण मेंढ्यांना जीवनसत्त्वांचे इंजेक्शन सरसकट द्यावे का?

माणदेशी मेंढपाळ : आमच्या माण तालुक्यात वैशाखात हिरवे पान दिसत नाही, मेंढ्या कडब्यावर, हरभऱ्याच्या भुसकटावर आणि बाभळीच्या शेंगांवर निभावतात. तरीही गेल्या उन्हाळ्यात 5 मेंढ्यांचे रक्त तपासले, तेव्हा अ जीवनसत्त्वाची पातळी व्यवस्थित निघाली. सरसकट टोचणे म्हणजे औषधवाल्याचे घर भरणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त पशुवैद्य : आपला अहवाल खरा असेल, निष्कर्ष मात्र टिकत नाही. अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि यकृत त्यातून रक्तातील पातळी महिनोन्‌महिने सावरून धरते. कणगी काठोकाठ भरलेली असो वा तळाला गेलेली, रोज शेरभर धान्य निघतेच. त्या शेरावरून कणगीत किती उरले ते कळत नाही. ई जीवनसत्त्वाचे तसे नाही. त्याचा साठा तुटपुंजा असतो, चारा वाळताना त्यातले बरेच नाहीसे होते आणि कोरड्या चाऱ्यावर काही आठवड्यांतच रक्तातला आकडा उतरतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या उन्हाळ्यात दूध तोडलेल्या कोकरांचे स्नायू याच कारणाने निकामी होतात. आपण ई तपासले होते का?

माणदेशी मेंढपाळ : नव्हते, हे मान्य. पण पावसाळाभर हिरव्यावर चरून कणगी भरत असेल, तर आपल्याच म्हणण्याप्रमाणे उन्हाळ्यात अ टोचण्याचे कारण उरत नाही.

वाड्यावरची सून : पाऊसच हुकला तर कणगी भरते कशी? अशाच एका वर्षी तिन्हीसांजेला आमची एक मेंढी कळपामागे न जाता वाघरीच्या जाळीला धडकली, पाण्याच्या घमेल्यात पाय घालून तशीच उभी राहिली; दिवसा तिला काही अडचण नव्हती. डॉक्टरांनी रातांधळेपणा सांगितला. तरी सरसकट टोचणे मलाही पटत नाही. पावसाळा कोरडा गेलेल्या वर्षी, व्यायच्या महिनाभर आधी द्यावे, कारण कोकराला अ आणि ई मुख्यतः चिकातूनच मिळतात.

निवृत्त पशुवैद्य : ताईंचे म्हणणे रास्त आहे. अ जास्त झाले तर अंगात साचून बाधते, म्हणून दरवर्षी डोळे मिटून टोचू नये. ई साठी घेतलेले रक्त मात्र काळ्या कागदात गुंडाळून, बर्फावर न्यावे. अ साठी खाटकाकडून यकृताचा तुकडा मिळाला, तर तो रक्तापेक्षा खरे सांगेल.

माणदेशी मेंढपाळ : तुकडा आणतो. तोवर इंजेक्शन घेणार नाही.