मदत हवी आहे: ग्रामपंचायतीच्या रुग्णवाहिकेचा चालू खर्च कुठून भागवायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला आमदार निधीतून रुग्णवाहिका मिळाली. नारळ फुटला, फोटो निघाले, आता गाडी शाळेमागे उभी आहे. १०८ फुकट आहे हे मान्य, पण घाटातून ती वर येईपर्यंत पेशंटचे हाल होतात. १०२ तर गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठीच.

अडचण चालू खर्चाची. डिझेल, विमा, टायर आणि मुख्य म्हणजे चालकाचा पगार. ग्रामसेवक म्हणतात, १५ व्या वित्त आयोगाचे ६० टक्के पैसे पाणी-स्वच्छतेलाच बांधलेले, उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार देता येत नाही. म्हणजे ग्रामनिधीच उरतो, आणि आमची घरपट्टी वसुली कशी आहे ते विचारू नका!

कुठल्या ग्रामपंचायतीने अशी गाडी खरंच चालवून दाखवली आहे का? चालकाला मानधन कोणत्या खात्यातून देता? पेशंटकडून फक्त डिझेलचे पैसे घेतले तर आरटीओ किंवा ऑडिटवाले हरकत घेतात का? ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना असेल तर प्लीज टाका. गाडी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सोपवावी असंही काही जण म्हणतात, पण मग रात्री ती आमच्या वाट्याला येईल का, शंकाच आहे.