युगांडाला जायचंय, पिवळ्या तापाच्या लसीला घरातून विरोध. काय करावं?

बावड्याची_सून

नमस्कार. मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या भांड्यावर, कामाला आहेत. यंदा त्यांना युगांडातल्या एका कारखान्यात दोन वर्षांसाठी काम मिळालंय. पगार इथल्यापेक्षा बराच बरा आहे आणि धाकटीची बारावी तोंडावर आहे, म्हणून जायचं ठरलं. कागदांच्या यादीत पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड मागितलंय आणि तेव्हापासून घरात कुणी धड जेवत नाही.

सासूबाईंचा लसीला सक्त विरोध आहे. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मिस्टरांचे मामा, २०२१ च्या मे महिन्यात गेले. कोविडची लस घेऊन आठवडाही झाला नव्हता. ताप आला, मग दम लागायला लागला, बेड शोधण्यात रात्र गेली आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. शेवटचं तोंडसुद्धा कुणाला बघायला मिळालं नाही. ‘माझ्या भावाला त्या सुईनं खाल्लं, आता पोराला खाऊ देणार न्हाई,’ एवढंच त्या म्हणतात. मी काही समजवायला गेले की ताट सारून उठतात.

त्यात एका एजंटनं सुई न टोचता शिक्का मारलेलं कार्ड आणून देतो म्हणून सांगितलंय. सासूबाईंनी त्यासाठी स्वतःच्या पाटल्या मोडायची तयारी दाखवली. मला हे अजिबात मान्य नाही, पण नुसतं ‘खोटेपणा नको’ म्हणून त्यांचं समाधान होत नाही. शेजारचे म्हणतात, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की लसीची सक्ती करता येत नाही, मग दुसरा देश कार्ड कसं मागतो? याचं उत्तर मला नीट देता आलं नाही.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावं. वाद नको, खरंच मार्ग हवाय.

पॅनवाला_शिरोळ

वहिनी, मी तिकडं काम करून आलोय, त्यामुळं ऐकीव सांगत नाही. युगांडात भारतातून जाणाऱ्यालासुद्धा कार्ड लागतंच. एंटेबीच्या विमानतळावर उतरलं की पासपोर्टवर शिक्का पडायच्या आधी ते पिवळं कार्ड बघतात. आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे परत येतानासुद्धा ते लागतं. युगांडातून आलेल्याकडं कार्ड नसेल तर आपलंच सरकार मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. सुट्टीवर आलेला माणूस घरी यायचं सोडून तिथं अडकतो.

एजंटचा नाद सोडा. कार्डावर पासपोर्ट नंबर असतो, लसीचा बॅच नंबर असतो, केंद्राचा शिक्का आणि डॉक्टरची सही असते. हे सगळं खोटं करणं म्हणजे सरळ गुन्हा. परदेशात पकडलं गेलं तर एजंट फोनसुद्धा उचलणार नाही, निस्तरायला भाऊ एकटा.

ते सगळं बाजूला ठेवलं तरी मुख्य मुद्दा राहतोच. विमानतळावर खोटं कार्ड चालून जाईल, पण हा ताप पसरवणारा तिथला डास कार्ड बघत नाही. कारखान्याला लागून ऊस, पाण्याची डबकी, झाडी. या रोगावर नेमकं औषध नाही, सलाईन लावून वाट बघायची. ज्यांचं दुखणं दुसऱ्या टप्प्यात जातं, कावीळ होते, रक्तस्राव होतो, त्यातले जवळपास निम्मे आठ-दहा दिवसांत दगावतात. आईंना हे घाबरवायला सांगू नका, पण भावाला नक्की सांगा.

कागलचा_शेतकरी

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आईंना अडाणी ठरवून कुणी बोलू नये, म्हणून लिहितोय.

२०२१ साली आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसांनी दाखल्यांचा जो छळ सोसला तो पुण्या-मुंबईत बसून कळायचा नाही. बहीण निपाणीला दिलीय, आमचं थोडं रान पलीकडं आहे. कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर ऑगस्टमध्ये दोन डोस झालेल्यालासुद्धा ७२ तासांतला आरटीपीसीआर, म्हणजे कोविड चाचणीचा दाखला, मागायचे. मग लस घेऊन उपयोग काय, असं माणसानं म्हणायचं नाही का? माझ्यापुढं एक म्हातारी जावयाच्या मयताला निघालेली, पदरात डोसचा कागद घट्ट धरून उभी होती. तिला परत फिरवलं. तो कागद तिनं पोलिसापुढं तीनदा उलगडला आणि तीनदा घडी घातली. मी तिथंच होतो.

भाऊ डोंबिवलीला असतो. १५ ऑगस्टपासून लोकलचा पास फक्त दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना. अठरा वर्षांवरच्यांना लस १ मेपासून खुली झाली खरी, पण मेमध्येच साठा नाही म्हणून महाराष्ट्रात ती थांबवली. वर कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. म्हणजे घ्यायची तयारी असूनसुद्धा पोराला कामावर जाता येईना. लस मिळतच नाही आणि दाखला मात्र मागायचा, याला काय म्हणायचं?

शेजारी म्हणतात तो निकाल २ मे २०२२ चा आहे. कुणाच्याही शरीरात जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही असं कोर्टानं म्हटलं. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. निकालाच्या वेळी संसर्ग कमी होता, त्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरची बंधनं प्रमाणाबाहेर होती, असा त्याचा अर्थ. ‘लसीची सक्ती चुकीची’ एवढं एकच वाक्य त्यातून काढणं बरोबर नाही. आणि आपल्या कोर्टाचा निकाल युगांडाला लागू होत नाही. त्यांच्या दारात जायचं तर त्यांची अट. ती लस वेळेवर मिळते, एका डोसात काम होतं, म्हणून या अटीला माझा विरोध नाही.

पण ताई, एक विचारतो. मिस्टरांना स्वतःला काय वाटतं ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही. सुई त्यांच्या दंडात जाणार आहे.

बावड्याची_सून

दादा, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ते काही बोलतच नाहीत. लस घ्यायला त्यांची ना नाही, पण आईचं मन दुखवून विमानात बसणार नाही म्हणतात. जॉइनिंगची तारीख मात्र जवळ येतेय.

निवृत्त_सिस्टर

ताई, मी आरोग्यसेविका म्हणून करवीर आणि पन्हाळा तालुक्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहिते, कारण असं घर मी एक नाही, अनेक पाहिली आहेत.

आधी लसीचं. पिवळ्या तापाची लस नवी नाही, १९३७ सालापासून चालत आलेली आहे. कोविडच्या वेळी ‘घाईत बनवली’ अशी जी शंका लोकांना होती, ती इथं लागू होत नाही. एकच डोस, आणि २०१६ पासून कार्ड आयुष्यभरासाठी धरलं जातं. मात्र टोचल्यावर दहा दिवसांनीच ते ग्राह्य होतं, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. आपल्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. आधी नोंदणी करा, मूळ पासपोर्ट न्या.

आता धोक्याचं. धोका शून्य आहे असं मी कधीच कुणाला सांगितलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. अंग दुखणं, बारीक ताप हे होतं. गंभीर त्रास फार क्वचित होतो, पण होतो. साठीच्या पुढं तो धोका वाढतो. अंड्याची जोरदार ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर लस देत नाहीत, डॉक्टर तसं लिहून देतात. मिस्टरांना यातलं काही आहे का, ते तिथल्या डॉक्टरांना न लपवता सांगायचं.

कार्ड का मागतात याचं खरं कारण सासूबाईंना सांगण्यासारखं आहे. पिवळा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडं घरोघरी आहे. डेंगी आणि चिकुनगुनिया त्याच्यामुळंच होतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं येऊन बॅरल, कुंड्या, टायर तपासतात, कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात, ते त्याच्यासाठीच. डास आहे, पण पिवळा ताप भारतात आजवर पसरलेला नाही, त्यामुळं आपल्या कुणाच्याच अंगात त्याच्याविरुद्ध ताकद नाही. २०१६ साली अंगोलात मोठी साथ आली. तिथं कामाला गेलेले अकरा चिनी लोक तो आजार घेऊन मायदेशी परतले. बहुतेकांना वेळेत लस झालेली नव्हती. नशिबानं तिथं तो पुढं पसरला नाही. म्हणून मिस्टर सुट्टीवर बावड्याला येतील तेव्हा त्यांनी तो आजार सोबत आणू नये, याच्यासाठी ते कार्ड आहे. तुमची धाकटी, सासूबाई, गल्लीतली बाळं, सगळी त्याच्या आडोशाला आहेत.

राहिला मामांचा विषय. तो जपून हाताळा. २०२१ च्या मेमध्ये मी लसीच्या रांगेवर होते. पहिल्या डोसानंतर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या महिन्यात दुसरी लाट आपल्या जिल्ह्यात घराघरांत शिरली होती. रांगांमध्येसुद्धा माणसं एकमेकांना खेटून उभी असायची. लस घेतली त्या दिवशी कितीतरी लोकांच्या अंगात कोविड आधीच असणार. मामांचं नेमकं काय झालं हे त्यांचे कागद बघितल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू नये, मीही सांगणार नाही. पण सासूबाईंना हा हिशेब समजावून काही होणार नाही. त्यांना कुणी आजवर विचारलंय का, त्या आठवड्यात काय काय झालं? सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकलंय का? आधी ते करा. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका.

२०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांत झाली, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला आठवत असेल. व्हॉट्सॲपवर नाही नाही ते फिरत होतं. एका वाडीत सगळे पालक पोरांना घेऊन रानात निघून गेले. मी पत्रकं वाटली, कुणी वाचली नाहीत. मग एका घरी ओसरीवर बसले. त्या बाईचं पहिलं मूल कुठल्याशा इंजेक्शननंतर गेलं होतं. दुपार गेली त्यात, मी लसीचं नावसुद्धा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन आली, मागून आणखी तिघी आल्या. सगळीकडं असं होतं असं नाही, काही घरांनी मला शेवटपर्यंत दार उघडलं नाही. पण हमरीतुमरीवर आल्यानं एकही दार उघडलेलं मला आठवत नाही.

आणि सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असेल, त्यांच्या वयाच्या बहुतेकांना असतो. त्या काळात परदेशी जाणाऱ्याला देवीची लस घेतल्याचा दाखला लागायचा. १९८० साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, मग तो दाखला मागणंही थांबलं.

बावड्याची_सून

सिस्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. काल रविवार होता, मिस्टर आणि मी दोघंही त्यांच्याजवळ बसलो. मी फक्त विचारलं, ‘आई, मामांचं त्या आठवड्यात काय झालं होतं?’ बराच वेळ गप्प होत्या. मग बोलायला लागल्या त्या दिवेलागणीपर्यंत.

आम्हाला कुणालाच माहीत नसलेली गोष्ट कळली. मामा लस घ्यायला तयार नव्हते. सासूबाईंनीच फोन करून, शपथ घालून पाठवलं होतं. गेली इतकी वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. त्यांचा सगळा राग सुईवर आहे असं मी समजत होते.

मी त्यांना पटवायला गेले नाही. मिस्टर एवढंच म्हणाले, ‘आई, तेव्हा तू मामाच्या काळजीनंच पाठवलंस. ह्या वेळी मला कुणी पाठवत न्हाई, मी माझ्या मनानं घेतोय.’ कागलच्या दादा, हे तुमच्या प्रश्नामुळं झालं. आजवर ते आईसमोर असं स्पष्ट बोलले नव्हते. सासूबाईंनी होकार दिलेला नाही. पण आज सकाळी त्यांनी एजंटला फोन करायचा विषय काढला नाही, आणि मला विचारलं की पुण्याला जायला किती वेळ लागतो.

पुढच्या मंगळवारची नोंदणी मिळाली आहे. एक शेवटचं विचारते. पहाटेची एसटी धरून जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, हे जमेल ना? की मुक्काम करावा?

निवृत्त_सिस्टर

जमेल. उपाशीपोटी जाऊ नका, नाश्ता करून जा. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसून राहायचं, लगेच बाहेर पडायचं नाही. बारीक ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं, तो चार-पाच दिवसांनीसुद्धा येऊ शकतो, तेव्हा घाबरू नका. अंगावर गांधी उठल्या, दम लागला किंवा ताप चढतच गेला तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडं जायचं आणि लस घेतल्याचं सांगायचं, म्हणजे त्याची सरकारी नोंद होते. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर केंद्रातून निघायच्या आधी अक्षरन् अक्षर ताडून बघा, नंतरच्या दुरुस्तीला परत पुण्याला खेप पडते.

आणि सासूबाई येते म्हणाल्या तर त्यांना सोबत न्या. बसायला जागा असते तिथं.