मदत हवी आहे: टॅक्सी ॲपमधलं आगाऊ बुकिंग ड्रायव्हरच्या बाजूने नव्याने कसं मांडावं?

चौकोनी_चाक

पुण्यातलं लहान टॅक्सी ॲप, दोनेकशे गाड्या. आगाऊ बुकिंग बहुतेक पहाटेची: कोथरूड-बाणेरहून लोहगाव विमानतळ, किंवा थेट मुंबई. सध्याची रचना अशी: पॅसेंजर वेळ टाकतो, ट्रिप ड्रायव्हरांच्या 'आगामी' यादीत येते, जो आधी 'घेतो' दाबेल त्याची. पिकअपच्या 30 मिनिटं आधी नोटिफिकेशन.

बिघडतं ते असं. ट्रिप घेऊन ऐनवेळी सोडतात. आधीचं भाडं लांबलं की पुढच्याला उशीर होतो. आणि पहाटेचं नोटिफिकेशन काही फोनवर वाजतच नाही.

दिवसाची पट्टी आणि त्यावर ट्रिपा, असा कॅलेंडरसारखा पडदा करायचा विचार आहे. त्याने काम भागेल का? आधी कशाला हात घालावा?

उलटी_मोजणी

कॅलेंडर सगळ्यात शेवटी करा. ड्रायव्हरला ट्रिप कधी आहे हे माहीत असतं. त्याला कधी निघायचं ते कळत नाही. कार्डावर पिकअपची वेळ लहान आणि 'निघा' ची वेळ मोठी हवी. पिकअप कोथरूडला 4:15, गाडी हडपसरला, रात्रीचा रस्ता 30 मिनिटं, सोसायटीचं गेट आणि वॉचमनची वही यांना 10. म्हणजे 'निघा 3:35'. तुमचं 30 मिनिटांचं नोटिफिकेशन 3:45 ला येतं, तोवर उशीर होऊन गेलेला असतो. सरसकट 30 हा आकडाच काढून टाका.

प्रवासाचा वेळ सरासरीने धरू नका. सरासरी धरली की जवळपास निम्म्या वेळा उशीर ठरलेलाच. त्या वाराला, त्या तासाला दहापैकी नऊ वेळा जेवढ्यात पोचता येतं तो आकडा घ्या. आठवड्याचे 168 तास, प्रत्येकाचा वेगळा. विदा (डेटा) कमी असेल तर भागांचे मोठे गट करा, पण संध्याकाळचं हिंजवडी आणि पहाटेचं हिंजवडी एकत्र करू नका.

हाच आकडा चालू भाड्यालाही लावायचा. बाणेरला 6:45 चं आगाऊ पिकअप आहे आणि 6:10 ला हिंजवडीत संपणारं भाडं समोर आलं. हिंजवडी ते बाणेर त्या वेळी 35 मिनिटं धरली तर काटा बरोबर 6:45 वर, गेट शोधायलाही वेळ उरला नाही. असं भाडं त्याला दाखवूच नये.

रिकामी_गाडी

इथे थोडा मतभेद. नुसतं 'दाखवू नका' म्हटलं की ड्रायव्हर पिकअपच्या आधीचा तास-दीड तास रिकामा बसतो. मग तो हिशेब करतो, की आगाऊ ट्रिप सोडली तर त्या वेळात दोन भाडी होतात. ऐनवेळी सोडण्याचं मूळ बऱ्याचदा हेच असतं, आळस नव्हे. म्हणून शेवटच्या तासात भाडी बंद करण्याऐवजी पिकअपच्या दिशेने जाणारी तेवढी द्या. एकही मिळालं नाही तर ठरलेली भरपाई द्या, आणि ती 'घेतो' दाबण्याआधी कार्डावर दिसू द्या.

मुंबईच्या ट्रिपला पहिला प्रश्न 'परतीचं काय?' हाच असतो. द्रुतगती मार्गावर कारला पुणे-मुंबई एका बाजूचा टोल 320 रुपये आहे (एप्रिल 2023 पासून). गाडी रिकामी परतली तरी फास्टॅगमधून पुन्हा 320 जाणारच. भाड्यात परतीचा टोल धरलाय की नाही ते एका ओळीत स्पष्ट लिहा. टोलचा तक्ताही तपासा: मुंबईच्या वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही. जुना तक्ता राहिला असेल तर पॅसेंजरला जास्तीची रक्कम दिसते आणि भांडण ड्रायव्हरच्या माथी येतं.

अलार्म_घड्याळ

न वाजणाऱ्या नोटिफिकेशनबद्दल. सर्व्हरवरून पाठवलेल्या संदेशावर पहाट सोपवू नका. फोन रात्रभर पडून असला की अँड्रॉइड त्याला गाढ झोपवतं, शिवाय काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला ॲप मागून बंद करतात. ट्रिप घेतली त्याच क्षणी फोनवरच अचूक अलार्म लावा. अँड्रॉइड 12 पासून त्याला वेगळी परवानगी लागते, आणि 14 वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना ती आपोआप मिळत नाही. ती ट्रिप घेतानाच मागा. ॲप टाकताना मागितली तर न वाचता 'नको' दाबलं जातं.

फोन बंद करून चालू केला की लावलेले अलार्म पुसले जातात. चालू झाल्यावर ते पुन्हा लावणारा कोड लिहायला हमखास विसरलं जातं. एवढं करूनही 'निघा' च्या वेळेला उत्तर आलं नाही, तर पाच मिनिटांनी सर्व्हरवरून साधा फोन कॉल जाऊ द्या. कॉलला इंटरनेट लागत नाही.

उलटी_मोजणी

एक राहिलं. 'शनिवार रात्री 12:30' हा सापळा आहे. आपण बोलताना शनिवार संपतानाची रात्र म्हणतो, तारखेने तो रविवार. पॅसेंजर शनिवारची तारीख निवडतो आणि बुकिंग चोवीस तास आधीचं होतं. रात्री 12 ते पहाटे 4 मधल्या बुकिंगला दोन्ही वार लिहा: 'शनिवार-रविवारमधली रात्र'. एएम-पीएम काढून पहाटे, सकाळ, दुपार, रात्र ठेवा. मुंबई विमानतळ म्हणून एकच पिनही चालणार नाही. टी-1 विलेपार्ल्याच्या बाजूला, टी-2 सहारला. टर्मिनल विचारल्याशिवाय बुकिंग पुढे जाऊ देऊ नका.

चौकोनी_चाक

'निघा' ची वेळ आणि अलार्म आधी घेतो. पण तरीही कुणी सोडलीच तर? दंड वाढवू का?

रिकामी_गाडी

सरसकट सारखाच दंड लावलात तर ड्रायव्हर ट्रिप सोडणार नाही, फोन बंद करून ठेवील. ते जास्त वाईट, कारण तुम्हाला कळतच नाही. लवकर सोडणं स्वस्त ठेवा. पहाटेच्या ट्रिपला आदल्या रात्री 9 ला 'नक्की ना?' विचारा, तोवर सोडली तर काही नाही. उत्तर न देणाऱ्याची ट्रिप 10 वाजता दुसऱ्याला खुली. दंड त्यानंतरच.

त्याआधी हेही बघा, की रात्री साडेअकरापर्यंत गाडी चालवणाऱ्याला 4:15 ची ट्रिप घेऊच कशी दिली. केंद्राच्या 2020 च्या ॲग्रिगेटर (म्हणजे टॅक्सी ॲप कंपन्यांसाठीच्या) मार्गदर्शक सूचनांत दिवसाला 12 तासांच्या वर लॉगइन नव्हतं, आणि त्यानंतर 10 तास विश्रांती होती. हा हिशेब 'घेतो' च्या बटणामागे असला पाहिजे.

अलार्म_घड्याळ

'निघा' नंतर 10 मिनिटांत गाडी हलली नाही तर राखीव ड्रायव्हर काढा. त्याला होकारासाठी 90 सेकंद पुरे. मात्र पहिल्याची ट्रिप दुसऱ्याने होकार दिल्यावरच काढून घ्या, आधी नाही. नाहीतर पहिला वाटेत असतो, नुसती जीपीएसची रेंज गेलेली असते, आणि गेटवर दोन गाड्या उभ्या राहतात.

चौकोनी_चाक

तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी असली तर जीपीएस हललेलं दिसणारच नाही ना?

अलार्म_घड्याळ

बरोबर. म्हणून 'निघालो' हे बटण हवंच, पडद्याच्या खालच्या निम्म्या भागाएवढं मोठं. ते दाबलं असेल तर राखीव शोधायच्या आधी आणखी 8 मिनिटं थांबा.